न्यूटन सरांची निवड

लेक्सिंग्टन, केंटकी

हडपसरहून फोन आला की पहिली चौकशी हवापाण्याची, दुसरी क्रिकेटची. इथल्या माणसांचं क्रिकेट म्हणजे कॉलेजचं बास्केटबॉल. या राज्यात एनबीएचा संघ नाही. सगळा जीव केंटकी विद्यापीठाच्या निळ्या जर्सीत अडकलेला. विद्यार्थ्यांचा खेळ पाहायला रप एरिनात वीस-वीस हजार माणसं जमतात.

आपल्या कॉलेजात जिमखान्याचे सर संघ निवडतात, मुलांना स्पर्धेला नेतात. इथे त्यांच्या वर अ‍ॅथलेटिक डायरेक्टर असतो. सगळ्या खेळांचा पैसा त्याच्या हाती, प्रशिक्षक नेमणारा आणि काढणाराही तोच. या खुर्चीचं वजन मला कळलं ते सी. एम. न्यूटन यांच्यामुळे.

1951 साली केंटकीचे प्रशिक्षक अडॉल्फ रप यांच्या राष्ट्रीय विजेत्या संघात ते खेळले, मग याच गावातल्या ट्रान्सिल्व्हेनिया कॉलेजात प्रशिक्षक झाले. 1968 मध्ये अलाबामा विद्यापीठात गेले. पाचच वर्षांपूर्वी, 1963 साली, तिथल्या फॉस्टर सभागृहाच्या दारात खुद्द गव्हर्नर वॉलेस उभे राहिले होते, दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळू नये म्हणून. विद्यापीठाचं बास्केटबॉल तेव्हा त्याच सभागृहात चालायचं! त्या विद्यापीठात 1969 मध्ये न्यूटन यांनी वेंडेल हडसन या मुलाला घेतलं. कोणत्याही खेळात शिष्यवृत्ती मिळवणारा तो तिथला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. अनोळखी प्रेक्षकांच्या गर्दीत एकट्याने उतरणाऱ्या त्या पोराचं धैर्य मोठं. पण त्याला उतरवणाऱ्या सरांनाही छाती लागली असणार. 1973 मध्ये अलाबामाचे सुरुवातीचे पाचही खेळाडू कृष्णवर्णीय होते.

पुढे व्हँडरबिल्टमध्ये प्रशिक्षकपद, आणि 1989 मध्ये केंटकीत डायरेक्टर म्हणून परत. घर तेव्हा विस्कटलेलं होतं. एका खेळाडूच्या वडिलांना पाठवलेल्या पाकिटात हजार डॉलर सापडले होते. शिक्षा म्हणून संघाला दोन वर्षं राष्ट्रीय स्पर्धेची दारं बंद. न्यूटन यांनी प्रशिक्षक म्हणून रिक पिटिनो यांना आणलं. 1996 मध्ये विजेतेपद आलं.

मला त्याहून मोलाच्या वाटतात त्या दोन नेमणुका. 1995 मध्ये महिला संघासाठी बर्नाडेट मॅटॉक्स, 1997 मध्ये पुरुष संघासाठी टबी स्मिथ. दोघेही आपापल्या संघाचे पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. 1966 च्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रप यांच्या संघात एकही कृष्णवर्णीय मुलगा नव्हता, हे गाव ते विसरलेलं नाही. त्याच रप यांच्या नावाच्या मैदानावर स्मिथ उभे राहिले आणि पहिल्याच हंगामात राष्ट्रीय विजेते झाले.

न्यूटन 2000 मध्ये निवृत्त झाले, 2018 मध्ये गेले. हडसनही पुढे अलाबामाच्या क्रीडा विभागात अधिकारी झाले.