शिक्षकाचे शिकणे : सहाध्यायांचे जाळे व नवी साधने

अपुल्लोस शास्त्रनिपुण व उत्तम वक्ता होता. तरी त्याचे ज्ञान योहानाच्या बाप्तिस्म्यापाशी थांबले होते. इफिस येथे अक्विला व प्रिस्किल्ला यांनी त्यास आपल्याकडे नेऊन उरलेले समजावून दिले (प्रे. कृ. १८). त्याने ते ऐकून घेतले, हे आम्हांस विशेष वाटते. जो शिकवितो त्यालाही शिकविणारे हवेत.

खेड्यात एकट्याने सेवा करणाऱ्या धर्मशिक्षकास असे शेजारी क्वचितच लाभतात. ग्रंथालय दूर, वर्षानुवर्षे तीच टिपणे. आणि विहिरीत झरा नसेल तर उपसा किती दिवस चालणार? ही हानी त्याच्या एकट्याची नव्हे, मंडळीचीही होय.

यावर आधुनिक शिक्षणशास्त्रात 'व्यक्तिगत अध्ययन-जाळे' ही कल्पना मांडली जाते. ज्यांना विचारावे अशी माणसे, ज्यांवर विसंबावे असे ग्रंथ आणि त्यांच्यापर्यंत पोहोचविणारी साधने, ही त्याची तीन अंगे. जॉर्ज सीमेन्स यांनी २००५ मध्ये असे प्रतिपादिले की, ज्ञान हे अशा संबंधांतही वसते. २००८ मध्ये त्यांनी व स्टीफन डाउन्स यांनी कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठातर्फे चालविलेल्या खुल्या अभ्यासक्रमात इंटरनेटद्वारे दोन हजारांहून अधिक लोक सामील झाले.

आपणांस ही कल्पना अगदीच नवी नाही. १९६३ मध्ये ग्वाटेमालातील प्रेस्बिटेरियन सेमिनरीने घर व उपजीविका न सोडू शकणाऱ्या सेवकांसाठी विस्तार-शिक्षण आरंभिले. विद्यार्थी घरी पाठ अभ्यासीत आणि ठरल्या दिवशी जवळच्या केंद्रात शिक्षकाबरोबर चर्चा करीत. पाठ आणि भेट ही दोन्ही चाके असली तरच गाडा चालतो.

एक उदाहरण घेऊ. लूक १५ मधील उधळ्या पुत्राचा पाठ शिकवावयाचा आहे. केंब्रिजच्या टिंडेल हाउसने सिद्ध केलेले 'स्टेप बायबल' हे विनामूल्य साधन संगणकावर उतरवून घेतल्यास इंटरनेटवाचूनही चालते. पित्याला 'कळवळा' आला, या ठिकाणचे मूळ ग्रीक क्रियापद त्यात शोधावे. लूकच्या शुभवर्तमानात ते तीनदाच येते : नाईनच्या विधवेस पाहून प्रभूला, जखमी मनुष्यास पाहून शोमरोन्यास आणि येथे पित्यास. त्याचा संबंध आतड्यांशी आहे. आपणही 'आतडे तुटते' असे म्हणतोच. एवढे गवसल्यावर चार-पाच सहसेवकांच्या व्हॉट्सअ‍ॅप-गटात विचारावे : "आपल्या मंडळीत हे कसे सांगाल?" साधनाने शब्द दिला, बंधुभगिनींनी त्याचा उपयोग दाखविला.

तथापि दोन सावधगिऱ्या अवश्य पाळाव्यात. एक, निनावी संदेश पुढे धाडण्यापूर्वी बिरुयातील लोकांप्रमाणे शास्त्राशी ताडून पाहावा. दुसरी, कोणा कुटुंबाने विश्वासाने सांगितलेली व्यथा, नाव वगळूनही, गटात मांडू नये. लहान गावात खुणेवरून माणूस ओळखला जातो. असा विश्वास एकदा तुटला की कितीही विद्वत्तेने तो परत जोडता येत नाही.

आरंभ लहानच असावा : विश्वासाचे तीन सहसेवक, एक साधन, आठवड्यातून एक प्रश्न आणि शक्य तेव्हा प्रत्यक्ष भेट. अपुल्लोस पुढे अखयात गेला, तेव्हा तेथील विश्वासणाऱ्यांस त्याचे फार साह्य झाले. आपल्या शिकण्याचे फळही असेच दुसऱ्यांच्या पदरी पडावे.