शक्तिप्रेषण, क्रीडा मोटारगाड्यांतील

एंजिनात निर्माण झालेली शक्ती चाकांपर्यंत नेणाऱ्या व वाटेत तिचा वेग आणि परिबल (पीळ देणारी प्रेरणा) यांचे प्रमाण बदलणाऱ्या यंत्रणेस शक्तिप्रेषण म्हणतात. सामान्य मोटारगाडीत हे काम जितके नकळत होईल तितके चांगले मानले जाते. क्रीडा मोटारगाडीत मात्र ते चालकाला जाणवावे, किंबहुना त्यानेच करावे, अशी अपेक्षा असते. त्यामुळे गिअर हाताने बदलावेत की यंत्राने, हा वाद या गाड्यांच्या बाबतीत अजून टिकून आहे. उंची गाड्या बनविणाऱ्या कारखान्यांच्या त्यातल्या त्यात कमी किंमतीच्या क्रीडा गाड्यांच्या, उदा., पोर्शेच्या बॉक्स्टर व केमन आणि बीएमडब्ल्यूच्या झेड-४ व एम-२ यांच्या संदर्भात तो विशेष तीव्र असतो. अतिमहाग गाड्यांच्या मानाने त्यांची शक्ती माफक असल्याने चालकाच्या कौशल्याला वाव राहतो. शिवाय त्यांचे पुष्कळसे ग्राहक तीच गाडी रोजच्या ये-जा करण्यासाठीही वापरतात.

अंतर्ज्वलन एंजिन फेऱ्यांच्या मर्यादित पल्ल्यातच उपयुक्त परिबल देते, म्हणून निरनिराळ्या प्रमाणांच्या दंतचक्रांच्या जोड्या लागतात. सरकत्या दंतचक्रांची गिअरपेटी फ्रान्समधील पानार व लव्हासॉर या कारखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात रूढ केली. तिच्यात दंतचक्रांचे वेग जुळविण्याचे काम सर्वस्वी चालकाचे असे व ते चुकल्यास दाते करकरत. १९२८ मध्ये कॅडिलॅक गाडीत आलेल्या समवेगी यंत्रणेत गुंतू पाहणाऱ्या दोन भागांचे वेग घर्षणाने आधी समान होतात. हस्तचलित गिअरपेटी पुढे मूलतः हीच राहिली.

वळणाआधी वेग कमी करून खालचा गिअर टाकताना हस्तचलित गाडीतील चालकाची खरी कसोटी लागते. डावा पाय क्लच दाबतो. उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर असतानाच त्याच पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला हलका धक्का देऊन एंजिनाचे फेरे नव्या गिअरला साजेसे वाढवावे लागतात. हे साधले तर क्लच सोडताना गाडीला हिसका बसत नाही. न साधल्यास एंजिनाचा रोध एकाएकी मागच्या चाकांवर येतो आणि ओल्या रस्त्यावर ती क्षणभर पकड सोडू शकतात. चालकाचा सहभाग असे ज्याला म्हटले जाते, त्याचा बराचसा भाग या एका क्रियेत सामावलेला आहे. काही नव्या हस्तचलित गाड्यांत हे फेरे जुळविण्याचे काम संगणक करतो; पोर्शे ७१८ केमन जीटी-४ या गाडीत त्यासाठी स्वतंत्र बटण आहे आणि ते वापरावे की नाही हे चालकाने ठरवावयाचे असते.

पूर्ण स्वयंचलित प्रेषण ओल्डस्मोबीलच्या १९४० च्या गाड्यांपासून मोठ्या प्रमाणावर विकले जाऊ लागले. पुढे रूढ झालेल्या परिबल परिवर्तकात एंजिन व गिअरपेटी यांना तेल जोडते, त्यामुळे सुरुवात मऊ होते. पण तेलाच्या घसरणीमुळे शक्ती वाया जाते आणि पायाची हालचाल व गाडीचा प्रतिसाद यांत किंचित अंतर पडते. क्रीडा गाड्यांच्या चाहत्यांचा मूळ आक्षेप या अंतरालाच होता. पोर्शेने १९६८ च्या ९११ गाडीत यावर एक विलक्षण तडजोड करून पाहिली. तिच्यात क्लचची पायपट्टी नव्हती, परंतु गिअरचा दांडा होता आणि त्याला हात लागताच क्लच आपोआप सुटे. नुसता सवयीने दांड्यावर हात ठेवणाऱ्यालाही त्याचा प्रत्यय येई. १९९६ मध्ये आलेल्या पहिल्या बॉक्स्टरला (२०४ अश्वशक्ती) पाच गतींची हस्तचलित किंवा परिबल परिवर्तकाची स्वयंचलित पेटी मिळे. ताशी १०० किमी. वेग गाठण्यास पहिलीला ६·९ सेकंद, तर दुसरीला ७·६ सेकंद लागत. त्या काळी हस्तचलित पेटी अधिक मजेची होतीच, शिवाय अधिक वेगवानही होती. त्यामुळे वादाला फारसे कारण नव्हते.

दुहेरी क्लचच्या पेटीने हे चित्र पालटले. तिची कल्पना दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास फ्रेंच अभियंते आदॉल्फ केग्रेस यांनी मांडली होती. पोर्शेने १९८० नंतरच्या दशकात ती शर्यतीच्या गाड्यांत वापरली, तर सर्वसामान्य विक्रीच्या गाडीत ती प्रथम २००३ मध्ये फोक्सवॅगन गोल्फच्या एका प्रकारात आली. या पेटीत विषम गिअर एका दंडावर व सम गिअर दुसऱ्यावर असून प्रत्येक दंडाला स्वतंत्र क्लच असतो. तिसरा गिअर काम करीत असतानाच चौथा गुंतवून ठेवलेला असतो; एक क्लच सुटता सुटता दुसरा पकडतो आणि चाकांकडे जाणारी शक्ती जवळजवळ खंडित होत नाही. कोणताही कुशल चालक याची बरोबरी करू शकत नाही. पोर्शेने ही पेटी २००८ मध्ये ९११ ला व त्यानंतर लवकरच बॉक्स्टर आणि केमनला दिली. परिबल परिवर्तकाची पेटीही मागे राहिली नाही. जर्मनीतील झेडएफ कंपनीची २००९ मध्ये आलेली आठ गतींची पेटी गाडी निघाल्यानंतर लवकरच परिवर्तकाला कुलूपबंद करते; त्यामुळे जुना आक्षेप बहुतांशी निकालात निघाला. ७१८ केमन जीटी-४ ला ताशी १०० किमी. वेगासाठी हाताने ४·४ सेकंद, तर दुहेरी क्लचने ३·९ सेकंद लागतात. पूर्वी इंधनाच्या बाबतीत हस्तचलित पेटी सरस ठरे. आता तेही सर्वत्र खरे राहिलेले नाही.

घड्याळाचा निकाल असा स्वच्छ लागल्यावर हस्तचलित पेटी नाहीशी व्हावयास हवी होती; तसे झाले नाही. पोर्शेने २०१३ ची ९११ जीटी-३ फक्त दुहेरी क्लचसह आणली. चाहत्यांची नाराजी इतकी होती, की २०१६ मध्ये केवळ हस्तचलित अशा ९११ आर या ९९१ गाड्या काढण्यात आल्या व २०१७ पासून जीटी-३ ला हस्तचलित पेटी पुन्हा मिळू लागली. टोयोटाची जीआर सुप्रा २०१९ मध्ये फक्त स्वयंचलित होती. २०२२ मध्ये तिची हस्तचलित आवृत्ती जाहीर झाली. तिच्याशी सांगाडा समान असलेल्या झेड-४ लाही २०२४ मध्ये ती देण्यात आली. एम-२ गाडी २०२३ मध्ये भारतात आली, तेव्हा तिच्यासाठीही सहा गतींची हस्तचलित पेटी मागविता येत होती. मुंबई-पुण्याच्या गर्दीत क्लच दाबून कंटाळलेल्या चालकास हा हट्ट वाटेल. आणि रोजच्या वापरापुरता तो हट्टच आहे.

मात्र या वादात एक गोष्ट नेहमी निसटते. सहभाग केवळ दांड्यावर अवलंबून नसून गिअरांच्या प्रमाणांवरही असतो. ७१८ केमन जीटी-४ चा दुसरा गिअर ताशी सुमारे १३५ किमी.पर्यंत जातो. म्हणजे बहुतेक सार्वजनिक रस्त्यांवर कायदा न मोडता तिसरा टाकण्याचे कारणच पडत नाही आणि दांडा उत्तम असूनही हात रिकामा राहतो. उलट २०१७ मध्ये दाखल झालेल्या आल्पीन ए ११० या फ्रेंच गाडीस हस्तचलित पेटी नव्हतीच. परंतु सुमारे १,१०० किग्रॅ. वजन, मऊ निलंबन व बोलके सुकाणू यांमुळे ती या वर्गातील अत्यंत जिवंत गाड्यांपैकी एक ठरली. जड गाडीला तिसरी पायपट्टी लावून हा गुण आणता येत नाही.

कारखान्यांच्या दृष्टीने प्रत्येक एंजिन व पेटी यांच्या जोडीची प्रदूषण-चाचणी स्वतंत्रपणे करावी लागत असल्याने थोड्या ग्राहकांसाठी दुसरी पेटी राखणे महाग पडते. चालकास साहाय्य करणाऱ्या स्वयंनियंत्रित यंत्रणाही क्लचच्या पायपट्टीशी सहज जुळत नाहीत. पेट्रोलवरील ७१८ मालिकेचे उत्पादन २०२५ मध्ये थांबले. विद्युत् चलित्र शून्य वेगापासूनच पूर्ण परिबल देते, त्यामुळे बहुतेक विद्युत् गाड्यांना एकच गिअर पुरतो. पोर्शेच्या टायकानला मागच्या आसावर दोन आहेत. ह्युंदाईने २०२३ मध्ये आयोनिक-५ एन या विद्युत् गाडीत आठ गतींच्या पेटीचा आभास निर्माण करणारी योजना बसविली. सुकाणूमागची पट्टी ओढली की चलित्राचे परिबल क्षणभर तोडून हिसका दिला जातो आणि ध्वनिक्षेपकातून एंजिनाचा आवाज येतो.