कर्दळीच्या बोंडातलं बी

न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढणाऱ्या कर्दळीकडे सहसा कुणी निरखून बघत नाही. फुलं सुकली की दांडा छाटायचा, एवढीच काय ती तिची निगा. यंदा दोन-तीन दांडे तसेच राहू द्या.

मोठ्या फुलांच्या संकरित कर्दळीला बी बहुधा धरत नाही. जुन्या, लहान तांबड्या फुलांच्या कर्दळीला मात्र हिरवी बोंडं लागतात. एरंडाच्या बोंडांची आठवण यावी इतकी खरबरीत, पण हाताला न टोचणारी. आत तीन कप्पे. कोवळं बोंड सोललं तर दाणे पांढरेशुभ्र! जून झाल्यावर बोंडाचं साल कागदासारखं वाळतं, फाटतं आणि आतून डोकावतात वाटाण्याएवढे काळेभोर, गुळगुळीत मणी.

हे बी विलक्षण टणक असतं. झिंबाब्वेतले शोना लोक ते भोपळ्यात भरून ‘होशो’ नावाचा खुळखुळा करतात. या बियाच्या सालातून पाणी आत शिरत नाही, आणि पाणी पोचल्याशिवाय कोंब जागा होत नाही. म्हणून बी नुसतं वाट बघत राहतं. किती काळ?

उत्तर अर्जेंटिनात सांता रोसा दे तास्तील इथल्या एका थडग्यात खुळखुळणारी माळ सापडली. तिच्यातल्या एका अक्रोडात कर्दळीचं बी होतं, आणि अक्रोडाचं कवच कुठेही फोडलेलं नव्हतं! कुणीतरी झाडावरच्या कोवळ्या अक्रोडाला चीर देऊन बी आत सरकवलं असणार. मग फळ वाढलं, चीर भरून आली, कवच कठीण झालं. आपल्या माळेतला एक मणी वाजावा म्हणून हंगामभर थांबणारं ते माणूस मला राहून राहून आठवतं. कवचाचं वय कार्बनच्या कसोटीवर सुमारे 600 वर्षं निघालं. 1971 साली ‘नेचर’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. फळ पक्व व्हायच्या आधीच बी आत गेलेलं, म्हणजे तेही निदान तेवढंच जुनं.

आणि ते बी रुजलं. त्याला कोंब आला, रोप वाढलं.

तुमच्या दांड्यावरचं बी लावायचं असेल, तर एका बाजूला कानशीने हलकेच घासा, आतला पांढरा भाग जेमतेम दिसेपर्यंत, आणि रात्रभर कोमट पाण्यात ठेवा. मग मातीत टोचा. एखादं मात्र न घासता डबीत टाकून ठेवा.