रंगमंदिराचा पाचवा खांब

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, ही महाराष्ट्राची पर्यटन-राजधानी म्हणवली जाते. या शहराच्या रंगभूमीचा इतिहास लिहिताना नाट्यगृहे मोजण्याची रूढ पद्धत आहे. महापालिकेचे संत एकनाथ रंगमंदिर, सिडकोतील संत तुकाराम नाट्यगृह, त्यांच्या खुर्च्या, त्यांच्या दुरुस्त्या, एवढ्यावर हा इतिहास संपतो. परंतु नाट्यगृहाच्या आत कोण होते आणि बाहेर कोणाला ठेवले गेले, हे विचारल्याशिवाय रंगभूमीचा इतिहास कळत नाही. हा प्रश्न नाट्यगृहाच्या पायापासूनच विचारावा लागतो.

भरताच्या नाट्यशास्त्रात पहिल्या नाट्यगृहाची कथा आहे. पहिला नाट्यप्रयोग झाला तो देवांनी असुरांचा केलेला पराभव दाखवणारा. आपली मानहानी रंगवलेली पाहून असुर संतापले व त्यांनी प्रयोग बंद पाडला. तेव्हा इंद्राने त्यांना झोडपले आणि पुढे असे विघ्न येऊ नये म्हणून विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधून घेतले गेले. म्हणजे पहिल्या रंगमंदिराच्या भिंती ऊन-पावसासाठी उभ्या राहिल्या नाहीत. ज्यांचा पराभव आत रंगणार होता त्यांना बाहेर ठेवण्यासाठी त्या उभ्या राहिल्या.

दुसऱ्या अध्यायात बांधकामाचे नियम आहेत. चौसष्ट हात लांब, बत्तीस हात रुंद. अर्धी जागा प्रेक्षकांना, अर्धी नटांना. चार खांब चार वर्णांच्या नावाचे. ब्राह्मणस्तंभाच्या तळाशी सोने, क्षत्रियस्तंभाखाली तांबे, वैश्यस्तंभाखाली चांदी आणि शूद्रस्तंभाखाली लोखंड. पाचवा खांब नाही. पाया घालण्याच्या वेळी त्या जागेवरून कोणाला हुसकून लावावे हेही सांगितले आहे: पाखंडी, काषाय वस्त्रे नेसणारे आणि अपंग. शेवटच्या अध्यायात तर ऋषींची टवाळी केली म्हणून खुद्द नटांनाच शूद्रत्वाचा शाप मिळतो. जो मंचावरून वरिष्ठांना हसतो, त्याला खाली ढकलले जाते. हे नाट्यशास्त्र आपण कलेचा ग्रंथ म्हणून शिकतो आणि शिकवतो. तो समाजरचनेचाही ग्रंथ आहे, हे विद्यार्थ्यांना कोण सांगणार?

मी फर्दापूरचा. गावापासून चारेक किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. त्या काषाय वस्त्रधाऱ्यांसाठीच ती खोदली गेली. पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या प्रसंगात नर्तकी आहे आणि तिच्याभोवती वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रिया आहेत. त्याहून कितीतरी जुन्या दहाव्या लेण्यात बोधिवृक्षाच्या पूजेला गाणारे-नाचणारे आले आहेत. ज्यांना नाट्यगृहाच्या पायाशी उभे राहू दिले नाही, त्यांनी आपल्या विहाराच्या आणि चैत्याच्या भिंतींवर नृत्याला जागा दिली. एवढेच नव्हे, आज उपलब्ध असलेल्या संस्कृत नाटकांत सर्वांत जुने अवशेष बौद्ध कवी अश्वघोषाचे आहेत. मध्य आशियात सापडलेली त्यांची ताडपत्रे जर्मन पंडित ल्यूडर्स यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतील ‘शारिपुत्रप्रकरण’ या नाटकाचा विषय शारिपुत्र आणि मौद्गल्यायन यांचा धम्मप्रवेश हा आहे.

मराठी मुलुखात आमचा माणूस मंचावर नव्हता असे नाही. ज्यांच्या नावाने शहरात रंगमंदिर आहे, त्या पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडातून महाराला बोलते केले. तो ब्राह्मणाशी वादही घालतो. नाथांचे हे मोठेपण मान्यच आहे. पण महाराच्या तोंडी शब्द नाथांचे होते. तमाशात तर महार-मांगांनी शतकानुशतके ढोलकी आणि तुणतुणे वाजवले, गळा झिजवला. मानमरातब मात्र दुसऱ्यांना मिळाला आणि नाचणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला बदनामी आली. पट्ठे बापूरावांनी देऊ केलेला तमाशाचा पैसा बाबासाहेबांनी घेतला नाही, त्यामागे कलेचा तिरस्कार नव्हता. आपल्या बायका नाचवून आलेल्या पैशावर मुक्तीची चळवळ उभी राहू शकत नाही, ही ती भूमिका होती.

मग पर्याय कोणता? तो जलशाने दिला. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेतला आणि आतला माल बदलला. नाशिकचे भीमराव कर्डक यांच्यासारख्या आंबेडकरी जलसाकारांनी तो अधिक धारदार केला. गौळण गेली. बतावणी राहिली, पण तिच्यात आता पाणवठा, शाळा, मेलेली जनावरे ओढण्याचे काम आणि कर्जाने केलेली लग्ने यांवर सवाल-जवाब होऊ लागले. जलशाला नाट्यगृह लागत नव्हते. वस्तीतले पटांगण आणि एक गॅसबत्ती पुरे होती. माझ्या घरात पदवी माझ्यापासून सुरू होते. जलशातली गाणी मात्र निरक्षर आजीला पाठ होती. आमच्याकडे अक्षराच्या आधी रंगभूमी आली, असे मी म्हणतो ते यामुळे.

जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिले. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले. बरोबर शंभर वर्षांनी, १९५५ मध्ये, औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्या ‘युगयात्रा’चा प्रयोग बाबासाहेबांच्या उपस्थितीत झाला. रामायणकाळापासून आजपर्यंतचा अस्पृश्यांचा छळ या नाटकात आहे. १९५६ मध्ये नागपूरच्या धम्मदीक्षेच्या प्रसंगी ते विराट जनसमुदायापुढे झाले. अश्वघोषाच्या नाटकाचा विषय धम्मप्रवेश होता. इथे नाटक पाहायला बसलेला समाजच धम्मात प्रवेश करीत होता. शहराच्या रंगभूमीचा इतिहास नागसेनवनातल्या या प्रयोगापासून लिहायला हवा.

आता पर्यटनाचा मंच पाहा. १९८०च्या दशकात सुरू झालेला वेरूळ महोत्सव आधी कैलास लेण्यासमोर भरे, पुढे तो शहरातल्या सोनेरी महालात आला आणि काही वर्षांच्या खंडानंतर २०२३ मध्ये तिथेच पुन्हा झाला. शास्त्रीय नृत्य आणि गायन हे त्याचे मुख्य आकर्षण. फर्दापूरला जपानच्या कर्जातून भव्य अभ्यागत केंद्र उभे राहिले, २०१३ मध्ये ते खुले झाले आणि वीज-पाण्याच्या थकबाकीने काही वर्षांत बंद पडले. आत लेण्यांच्या प्रतिकृती होत्या. परक्या पाहुण्याला भिंतीवरची नर्तकी दाखवायची, आणि त्याच मातीतला गाणारा माणूस मात्र दाखवायचा नाही, हा कोणता वारसा?

शास्त्रीय नृत्याला आमचा विरोध नाही. आमची मागणी साधी आहे. महोत्सवाच्या मंचावर ‘युगयात्रा’चा प्रयोग व्हावा, जलसा व्हावा, आणि तो ‘लोककलेचा नमुना’ म्हणून मधल्या वेळेत उरकला जाऊ नये. फर्दापूरच्या मुलांनी तो पुढच्या रांगेत बसून पाहावा. चार खांबांचे रंगमंदिर आम्ही पुष्कळ पाहिले. पाचवा खांब कोणी उभारून देणार नाही. तो आम्हालाच रोवावा लागेल, आणि त्याच्या तळाशी सोने नसले तरी चालेल.