शहरात शिरणारी सायकल

आपल्या धर्मग्रामात असे घर क्वचितच सापडेल, की ज्याच्या पडवीत एक तरी सायकल टेकवलेली नाही. दूध घालायला, बाजारात भाजी न्यायला, मुलांना शाळेत, म्हाताऱ्यांना पहाटेच्या मिस्साला, सगळीकडे ती चालते. गावच्या रस्त्यावर तिचे फारसे काही बिघडत नाही. बिघडते ते शहराच्या वेशीपासून पुढे. त्या पुढच्या चार-सहा किलोमीटरांविषयी आज बोलू या. उदाहरणाला आम्ही ग्वाल्हेर घेतले आहे.

ग्वाल्हेर आपल्या लोकांना परके नाही. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली. त्या छावणीचीच पुढे पेठ झाली आणि तिला लष्कर हेच नाव राहिले. तिथे मराठी घरे वसली ती आजही आहेत. किल्ल्याखालचे जुने ग्वाल्हेर, लष्कर आणि मुरार अशी तीन गावे मिळून हे शहर झाले. महाराज बाड्याच्या आजूबाजूच्या गल्ल्या घोडा, पालखी आणि बैलगाडी यांच्या मापाने आखलेल्या. त्याच गल्ल्यांतून आता मोटारी, टेम्पो, ई-रिक्षा आणि असंख्य मोटारसायकली जातात. रस्ता रुंद झाला नाही, वाहने मात्र वाढली. अशा दाटीत सर्वांत आधी कोण ढकलला जातो, तर सायकलवाला. आजूबाजूच्या खेड्यांतून दूध आणि भाजी घेऊन उजाडायच्या आत शहरात शिरणारा शेतकरी याच सायकलवाल्यांत येतो. डिसेंबर-जानेवारीत तिथे दाट धुके पडते, मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. या दोन्ही गोष्टींचा सायकलवाल्याच्या जिवाशी काय संबंध आहे, ते पुढे येईलच.

सायकल ही आता गरिबाची राहिली नाही, ती हौशी लोकांची झाली, असे शहरातले लोक म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेर काम करणाऱ्या सुमारे २० कोटी लोकांना कामावर कसे जाता असे विचारले होते. त्यांतले सुमारे २ कोटी ६० लाख लोक सायकलने जात होते. यात गवंडी, रखवालदार, कारखान्यातला मजूर, दुकानातला पोऱ्या असे लोक आले. शाळेची मुले यात धरलेलीच नाहीत. मध्य प्रदेश सरकार गावाबाहेरच्या सरकारी शाळेत जाणाऱ्या सहावी आणि नववीच्या मुलामुलींना सायकली देते. आपल्याकडेही मागास तालुक्यांतल्या मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळतात. मुलीच्या हाती सायकल आली की तिची शाळा सुटत नाही, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. सायकल देणारे पुष्कळ झाले, पण ती चालवायला सुरक्षित रस्ता देणारे थोडेच.

शहरांनी काहीच केले नाही असे नाही. पुण्यात २०१७ च्या डिसेंबरात विद्यापीठाच्या आवारात आणि औंधच्या बाजूला भाड्याच्या सायकली सुरू झाल्या. मोबाइलवर खूण दाबली की कुलूप उघडते, अर्ध्या तासाचे थोडेसे भाडे, आणि काम झाले की सायकल नेमल्या जागी ठेवून द्यायची. पुढच्या वर्षी आणखी कंपन्या आल्या, पिवळ्या आणि नारिंगी सायकली जिकडेतिकडे दिसू लागल्या. पण कुणी सायकल घरात नेऊन ठेवली, कुणी सीट काढून नेली, कुणी ती नदीत टाकली. मध्येच परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. दोन-तीन वर्षांत बहुतेक सायकली रस्त्यावरून नाहीशा झाल्या. भोपाळने २०१७ च्या जून महिन्यात सुमारे ५०० सायकलींनी असाच आरंभ केला होता. तिथे सायकल ठेवण्याचे पक्के खांब होते आणि काही अंतर सायकलींसाठी वेगळा रस्ताही होता. ग्वाल्हेरचे नाव सप्टेंबर २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या यादीत आले, तेव्हापासून तिथेही अशा गोष्टींची चर्चा होत आली.

या योजना वाईट नव्हेत. पण त्यांत आम्हाला एक गोष्ट खटकते. भाड्याची सायकल ज्याला हवी असते, त्याच्यापाशी बहुधा दुसरे वाहन असते, त्याला पर्याय असतो. ज्याच्यापाशी स्वतःची जुनी काळी सायकल आहे आणि दुसरे काहीच नाही, त्याला भाड्याची सायकल नको असते. त्याला हवा असतो रस्त्याच्या डाव्या कडेचा दीड-दोन मीटरांचा मोकळा पट्टा. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये आठशेहून अधिक किलोमीटर सायकल-मार्गांचा आराखडा मंजूर केला. कागदावर तो चांगला आहे. प्रत्यक्षात जे पट्टे बांधले गेले, त्यांच्यावर मोटारसायकली लागतात, हातगाड्या उभ्या राहतात, आणि चौक आला की पट्टा संपतो. मोठे अपघात तर चौकातच होतात!

हॉलंड देशाची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. तिथे पूर्वीपासून सायकली फार, पण १९५० नंतर मोटारी वाढल्या आणि शहरांचे रस्ते मोटारींसाठी रुंद होऊ लागले. १९७१ या एका वर्षात त्या लहानशा देशात रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसे मेली, त्यांत ४०० हून अधिक लहान मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांनी चळवळीला नावच दिले, 'बालहत्या थांबवा'. १९७३ मध्ये तेलाची टंचाई आली, काही रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या, आणि मोकळा रस्ता कसा असतो ते लोकांना पुन्हा दिसले. त्यानंतर सायकलीचे वेगळे मार्ग आणि वस्तीतला कमी वेग या गोष्टी हळूहळू आल्या, त्यांना कित्येक वर्षे लागली. आज त्या देशात माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. तिथली हवा-पाणी वेगळे, पैसा वेगळा, हे खरे. पण लोकांनी मागितल्यावर मिळाले, हेही खरे.

आपल्या देशात २०२२ मध्ये रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांत सायकलवाले साडेचार हजारांहून अधिक होते. सायकलवाल्याभोवती पत्रा नसतो, तेव्हा धक्का सरळ अंगावर येतो. आणि हा धक्का वेगाच्या प्रमाणात वाढत नाही. वाहनाचा वेग दुप्पट झाला तर धक्क्याचा जोर चौपट होतो. म्हणून ताशी ३० किलोमीटरने आलेल्या गाडीच्या धडकेतून माणूस बहुधा वाचतो, ६० ने आलेल्या गाडीच्या धडकेतून वाचणे कठीण. वस्तीतून जाणाऱ्या रस्त्यावर गतिरोधक मागताना ग्रामपंचायतीत हा हिशेब जरूर सांगावा.

रस्ता सुधारेल तेव्हा सुधारेल. तोवर आपल्या हातात जे आहे ते करावे. पहिली गोष्ट दिसण्याची. मोटारवाल्याने सायकल पाहिलीच नाही, असे कितीतरी अपघातांत घडते. पूर्वी दिव्याशिवाय सायकल नेली किंवा डबलसीट बसवले की शहरातला पोलीस हमखास अडवायचा, म्हणून लोक निदान रॉकेलचा दिवा तरी लावत. आता तो धाक गेला आणि दिवाही गेला. डायनॅमोचा दिवा चाक फिरते तोवरच जळतो. चौकात थांबलो की तो विझतो, आणि नेमके तिथेच दिसणे गरजेचे असते. म्हणून मागे बॅटरीचा लाल दिवा वेगळा हवा. मडगार्डवरचा लाल रिफ्लेक्टर स्वतः उजेड देत नाही, मागून आलेल्या दिव्याचा उजेड परत पाठवतो. त्यावर चिखल बसला की तो असून नसल्यासारखा.

इथे दूधवाल्यांसाठी एक खास सूचना. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना कॅन लटकवले आणि वर पोते टाकले की मागचा दिवा आणि रिफ्लेक्टर दोन्ही झाकले जातात. थंडीत अंगावर घेतलेल्या कांबळ्याचा सोगाही मागे लोंबतो आणि तोच परिणाम करतो. तेव्हा रिफ्लेक्टर मडगार्डवर न ठेवता सर्वांत मागच्या कॅनवर तारेने बांधावा, किंवा कॅनलाच चकाकणारी पट्टी चिकटवावी. पेडललाही पट्टी लावावी, ती वर-खाली हलते म्हणून लांबून चटकन कळते. दाट धुक्यात मात्र नुसत्या पट्टीवर विसंबू नये. धुक्यातले पाण्याचे कण मोटारीचा उजेड वाटेतच फैलावून टाकतात, तो पट्टीपर्यंत पोचत नाही. धुक्यात स्वतःचा जळणारा दिवाच हवा. आणि समोरचे काही दिसेनासे झाले तर हमरस्ता सोडून अर्धा तास थांबावे. दूध उशिरा पोचले तर गिऱ्हाईक बोलेल, बोलू द्यावे.

ओझे दोन्ही बाजूंना सारखे आणि शक्य तितके खाली असावे. हँडलला पिशवी अडकवण्याची खोड फार वाईट. वळताना ती पुढच्या चाकात जाते आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. चाळीस लिटर दूध लादलेली सायकल रिकाम्या सायकलीपेक्षा फार उशिरा थांबते. पावसात तर रिम ओली असते आणि ब्रेकचे रबर आधी पाणी पुसून काढते, मग धरते. तेव्हा अंतर दुप्पट ठेवावे आणि दोन्ही ब्रेक मिळून दाबावेत. झिजलेले रबर बदलायला फार पैसे पडत नाहीत. पायजम्याची दुमड, साडीचा काठ आणि मुलींची ओढणी यांना साखळी आणि चाक ओढून घेतात; चेनकव्हर असावे, ओढणी कमरेला बांधावी.

डाव्या बाजूने जावे हे सर्वांना ठाऊक आहे. पण अगदी गटाराला चिकटून जाऊ नये. कडेला खडी, झाकण उडालेली गटारे आणि उभ्या मोटारी असतात, आणि उभ्या मोटारीचे दार केव्हा उघडेल सांगता येत नाही. कडेपासून हातभर-दीड हात अंतर ठेवून सरळ रेषेत चालवावे. रुळांच्या फाटकावर रूळ तिरके ओलांडू नयेत, चाक फटीत अडकते. सर्वांत जपायचे ते ट्रक आणि बस यांना. चौकात ट्रक थांबला असता त्याच्या डाव्या बाजूच्या फटीतून पुढे सटकणे म्हणजे जिवाशी खेळ. उंच बसलेल्या ड्रायव्हरला त्याच्या डाव्या कुशीतली सायकल आरशातही दिसत नाही. तो डावीकडे वळला की पुढचे चाक जाते, पण मागचे चाक आतून कापत येते. ट्रकच्या मागेच थांबावे. मुलांना हे रस्त्यावर उभे करून दाखवावे, नुसते सांगून ते कळत नाही.

हेल्मेटची सायकलवाल्याला सक्ती नाही. तरी शाळेच्या मुलाला ते घेऊन देता आले तर द्यावे, कारण सायकलवरून पडून मरणारे बहुधा डोक्याच्या माराने मरतात. उन्हाळ्यात उत्तरेकडच्या उन्हात सायकल मारणाऱ्याने नऊच्या आत परतावे, जाताना पाण्याची बाटली घ्यावी, पाण्यात चिमूटभर मीठ आणि साखर टाकावी. उन्हाने गरगरले की माणूस रहदारीत पडतो, आणि लोक तो दारू प्याला असे समजतात. व्यायामासाठी सायकल चालवा हे शहरातल्यांना सांगावे लागते. दिवसभर शेतात वाकणाऱ्याला आम्ही काय सांगणार! मात्र सीट फार खाली ठेवून गुडघे दुखवून घेणारे पुष्कळ आहेत. पेडल खाली असताना पाय जवळजवळ सरळ व्हावा, इतकी सीट वर असावी.

अपघात झालाच तर काय? जखमी माणूस शुद्धीवर नसेल तर त्याला पाणी पाजू नये. मान दुखावली असेल असे वाटले तर उगाच उचलाउचल करू नये. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके घट्ट दाबून धरावे, आणि १०८ किंवा ११२ ला फोन लावावा. डोक्याला मार लागून माणूस उठून बसला तरी एक दिवस त्याच्यावर लक्ष ठेवावे. पुन्हापुन्हा उलटी, वाढती गुंगी, झटका, बोलण्यात गोंधळ यांतले काही दिसले तर रात्र असो की पहाट, दवाखाना गाठावा.

मदत करणाऱ्याला पोलीस गुंतवतील, ही भीती आता धरू नये. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले आहे. मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. मे २०२५ पासून मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्याला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत पैसे न भरता उपचार मिळण्याची योजना लागू झाली आहे. सायकलवाल्याला मोटारीने उडवले तर तोही यात येतो. मात्र अपघात झाल्याची खात्री पोलिसांकडून व्हावी लागते, म्हणून पोलिसांना लगेच कळवावे.

वाहनाचा नंबर मिळाला तर नुकसानभरपाईसाठी मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. तो अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत करावा, पुढे ढकलू नये. धडक देणारा पळाला आणि सापडलाच नाही, तरी घरच्यांनी हात टेकू नयेत. १ एप्रिल २०२२ पासून अशा अपघातात मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास पन्नास हजार रुपये मिळतात. अर्ज अपघात झाला त्या भागातल्या प्रांत किंवा तहसीलदाराकडे करायचा असतो. पोलिसांच्या पहिल्या खबरीची प्रत, दवाखान्याचे कागद, मृत्यू झाला असल्यास शवविच्छेदनाचा अहवाल, ओळखपत्र आणि बँकेच्या पासबुकाची नक्कल एका पिशवीत जपून ठेवावी. मोडलेली सायकल पोलिसांनी पंचनामा करेपर्यंत भंगारवाल्याला देऊ नये.