जुना वस्तरा घेताना

हिंगोलीच्या आठवडी बाजारात जुन्या लोखंडाचा ढीग मांडून बसलेला एखादा विक्रेता असतोच. कुलपे, अडकित्ते, वजने यांच्यात कधीकधी घडीचा वस्तराही सापडतो. अशाच एका ढिगात आम्हाला दोन वस्तरे दिसले. एक चकचकीत, दुसरा काळवंडलेला. विक्रेत्याने चकचकीत वस्तऱ्याची किंमत तिप्पट सांगितली. आम्ही काळवंडलेला घेतला. तो का, हे समजण्यासाठी पोलादाची थोडी ओळख हवी.

वस्तऱ्याच्या पोलादात साधारण १ टक्का किंवा थोडा अधिक कार्बन असतो. हे पोलाद सुमारे ७८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून एकदम थंड केले, की कार्बनचे अणू लोखंडाच्या स्फटिकात अडकून राहतात. पोलाद अतिशय कठीण, पण ठिसूळ बनते. मग ते २०० अंशांच्या आत-बाहेर पुन्हा तापवून ठिसूळपणा कमी करतात. यापेक्षा बरेच जास्त तापले, तर पोलादाचे ‘पाणी उतरते’. गंज काढण्यासाठी विजेच्या चाकावर धरलेले पातळ पाते असेच तापते. धारेजवळ निळी छटा दिसली, तर तेथील तापमान ३०० अंशांजवळ गेले होते असे समजावे. चकचकीत वस्तऱ्यावर ती छटा होती. त्याची धार आता टिकणार नव्हती.

काळा डाग मात्र बहुधा वरवरचा असतो. तांबडा गंज सच्छिद्र असतो. त्यातून ओलावा आत जातो व खड्डे पडतात. खड्डा धारेपासून दूर असेल तर बिघडत नाही. धारेवर असेल तर तेथे धार तुटत राहते. म्हणून भिंगातून पाहावे ते धारेकडे.

वस्तऱ्याची पाठ जाड का, हा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारावा. सहाणेवर पाठ आणि धार दोन्ही टेकवून वस्तरा घासतात. त्यामुळे धारेचा कोन आपोआप ठरतो. पाठीची जाडी ५ मिमी व पात्याची रुंदी १८ मिमी असेल, तर अर्ध्या कोनाची ज्या २.५ भागिले १८, म्हणजे पूर्ण कोन सुमारे १६ अंश येतो. पाते काचेवर ठेवून खालून उजेड दिसतो का पाहिले, की वाकडेपणाही कळतो.

मुठीकडेही लक्ष द्यावे. सेल्युलॉइडची मूठ जुनी झाली की विघटन पावते; तिच्यातून नायट्रोजनची आम्लधर्मी ऑक्साइडे बाहेर पडतात आणि घडीत मिटलेले पाते गंजते. मूठ हस्तिदंती असेल तर घेऊच नये. हस्तिदंताच्या व्यापारास आपल्याकडे कायद्याने बंदी आहे.

शेफील्ड किंवा झोलिंगन हे शिक्के नेहमीचे. अमेरिकेत १८९१ पासून आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे झाले. त्यामुळे शिक्क्यात देशाचे नाव असलेला वस्तरा बहुधा त्यानंतरचा. हिंगोलीत १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, हेही ध्यानात ठेवावे. पण विलायती तेवढेच उत्तम, असे मुळीच नाही. निजामाच्याच राज्यात कोनसमुद्रम येथे मुशीत उत्तम पोलाद बनत असे. भारतीय पोलादाचे गुण शोधताना मायकेल फॅरडे यांनी जेम्स स्टोडार्ट यांच्यासह १८२० च्या सुमारास पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले. अशा मिश्रधातूचे वस्तरे ते मित्रांना भेट देत.

आता भावाविषयी. नाभिक बलुतेदाराच्या धोकटीतला, चामोटीवर वर्षानुवर्षे फिरलेला वस्तरा भंगारात वजनावर जातो. पात्याचे वजन पन्नास-साठ ग्रॅम, म्हणजे हाती काहीच येत नाही. अशा वेळी खरा दोष दाखवून भाव कमी करावा. चांगल्या पोलादाला मात्र वाईट म्हणू नये. आम्ही काळ्या वस्तऱ्याचे मागितले तेवढे पैसे दिले आणि निळी छटा विक्रेत्याला दाखवली. तो म्हणाला, “साहेब, मग मी तर दर बाजाराला चांगला मालच खराब करून राहिलो की!” उरलेले तीन गंजके वस्तरे त्याने चाकावर न धरता तेल लावून बाजूला ठेवले. त्या दिवसाची खरी कमाई हीच.

असा वस्तरा दाढीला वापरू नये. रक्तातून पसरणाऱ्या कावीळ व एड्सच्या विषाणूंमुळे दुकानात दर गिऱ्हाइकाला नवे पानच हवे. वर्गात मात्र शिक्षकांनी तो स्वतःच्या हातात धरून दाखवावा आणि जाडी-रुंदी मोजून देऊन कोन विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा.