सुताच्या आत पेशी

सुरत म्हटले की हिरे, जर आणि कृत्रिम धाग्याच्या साड्या आठवतात. पेशीविज्ञानात रस असणाऱ्याने मात्र हे शहर कपाशीसाठी लक्षात ठेवावे. इथल्या कापूस संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘गुजरात ६७’ आणि ‘अमेरिकन नेक्टरीलेस’ या वाणांचा संकर करून ‘एच-४’ घडवला. १९७० मध्ये शेतात आलेला हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस. पुढे तो महाराष्ट्रातही मोठ्या प्रमाणावर पिकला.

कापसाचा प्रत्येक तंतू ही एकच पेशी असते, हे शाळेत शिकवायलाच हवे. फूल उमलते त्याच सुमारास बीजाच्या सालीवरच्या काही पेशी वर येऊ लागतात आणि तीनेक आठवड्यांत अडीच-तीन सेंटिमीटर लांब होतात. जाडी मात्र मिलिमीटरचा जेमतेम पन्नासावा भाग. ही वाढ रिक्तिकेच्या बळावर होते. पेशीची बहुतेक जागा व्यापणारी रिक्तिका पोटॅशियम आणि शर्करा साठवते, त्यामुळे पाणी आत खेचले जाते आणि त्या दाबाने कोवळी भित्तिका ताणली जाते. मग जाडी भरू लागते. सेल्युलोज तयार करणारी विकरे गॉल्गी संकुलातून पेशीपटलात पोचतात आणि सूक्ष्मनलिकांच्या रेषेने थरावर थर चढवतात. लागणारी साखर पुरवतात पानांतली हरितलवके. बोंड फुटेपर्यंत पेशी मरते. वाळलेल्या तंतूत नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोज उरते.

सुरतेची जर पैठणीत रेशमाच्या जोडीने विणली जाते. त्या रेशमाची घडण अगदी वेगळी. प्राणिपेशीला भित्तिका नसते, म्हणून रेशीमकिड्याच्या ग्रंथीतली पेशी स्वतः धागा होत नाही, ती धाग्याचा माल बाहेर सोडते. आंतर्द्रव्यजालिकेवरचे रायबोसोम फायब्रोइन हे प्रथिन बनवतात, गॉल्गी संकुल ते कणांत भरते आणि कण ग्रंथीच्या पोकळीत रिते होतात. अळी वाढताना या पेशी विभागत नाहीत. डीएनए मात्र पुन्हापुन्हा दुप्पट होतो आणि केंद्रकाला फांद्या फुटतात. कोश पुरा झाल्यावर लयकारिकांच्या पाचक विकरांनी ग्रंथीचा निकाल लागतो.

‘एच-४’चे बियाणे करताना संध्याकाळी प्रत्येक कळीतले पुंकेसर हाताने खुडायचे आणि सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे. हे कष्ट बहुतांशी बायकांनी आणि मुलींनी उपसले, याची नोंद विज्ञानाच्या इतिहासात ठळक असायला हवी. यावरचा एक उपाय पेशीद्रव्यातच सापडला. हार्कनेसाय या रानटी कपाशीचे पेशीद्रव्य लागवडीच्या कपाशीत आणले की सकस पराग धरत नाहीत, खुडणी टळते. अशा वंध्यत्वाचे मूळ सहसा आईकडून येणाऱ्या तंतुकणिकांत असते. मात्र शेतकऱ्याच्या संकरित झाडाला बोंडे धरायला पराग हवेतच, म्हणून दुसऱ्या पालकाच्या केंद्रकातून परागक्षमता परत देणारे जनुक आणावे लागते.